आयोवाहून आई-बाबांना: छकुली बोलायला लागलीय, काळजी करू नका

ती. आई आणि बाबा, साष्टांग नमस्कार. आज्जीला पण सांगा.

व्हिडिओ कॉलवर छकुली मधे मधे करते, आई तू तिला बघून डोळे पुसायला लागतेस आणि मग जे सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून आज ती झोपल्यावर सगळं नीट टाइप करतेय. बाबा, आज्जीला मोठ्याने वाचून दाखवा. आम्ही तिघं मजेत आहोत, ह्यांची ड्युटी वगैरे नेहमीसारखीच, त्यात नवीन काही नाही.

मावशीने परत विचारलं म्हणे की एवढं शिकून खेड्यात का राहतात, न्यू जर्सीला आपली किती माणसं आहेत. तिला एकदा नीट सांगा. हे जे-वन व्हिसावर, म्हणजे इथे शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना मिळतो त्या व्हिसावर शिकले, त्याचा नियम असा की शिक्षण झालं की दोन वर्षं मायदेशी परत जायचं. ते माफ करून घ्यायचं असेल तर जिथे डॉक्टर कमी आहेत अशा भागात तीन वर्षं काम करायचं, त्याला कॉनराड 30 म्हणतात कारण प्रत्येक राज्याला वर्षाला असे जास्तीत जास्त 30 डॉक्टर मिळतात. म्हणून आम्ही इथे मक्याच्या शेतांच्या मधोमध आहोत. आम्हाला कुणी शिक्षा म्हणून पाठवलेलं नाही. इथल्या म्हाताऱ्या माणसांना डॉक्टरसाठी तास-तास गाडी हाकावी लागायची, आता हे आहेत. मला त्याचा खरंच अभिमान वाटतो.

आता छकुलीचं. बाबा तुम्ही म्हणालात की सरकारी माणसं घरी येऊन मुलीला तपासतात हे काय, आपल्याला काय कमी आहे, फुकटचं कशाला घ्यायचं, आणि उद्या व्हिसाला काही झालं म्हणजे? तुमची काळजी कळते मला, पण ऐका. दोन वर्षांची झाली तरी ती दोन-चार शब्दांपुढे जात नव्हती. आज्जी म्हणते की बाळूसुद्धा उशिरा बोलला, ते खरं आहे, पण बाळूच्या भोवती दिवसभर दहा माणसं होती आणि हिच्याभोवती फक्त मी. हिवाळ्यात तर कितीतरी दिवस माझ्याशिवाय कुणाचा आवाजच नाही तिच्या कानावर. हे मला रात्री फार टोचायचं. तिच्या बोलण्याच्या खासगी थेरपीसाठी शहरात जायचं म्हणजे अख्खा दिवस गेला, शिवाय वेटिंग लिस्ट.

मग मी इथल्या लायब्ररीत विचारलं. दर आठवड्याला लहान मुलांना गोष्टी सांगतात तिथे आम्ही जातोच. बाबा, लहान गावात लायब्ररीवाल्या बाईंना सगळं माहीत असतं, तुमच्या ऑफिसात लोक कुठलाही कागद घेऊन यायचे ना तसंच. त्यांनी एका मिनिटात अर्ली ॲक्सेसचा नंबर लिहून दिला. तीन वर्षांखालच्या ज्या मुलांची वाढ कुठेतरी मागे पडतेय त्यांच्यासाठी ही सोय आहे, आयोवात ती शिक्षण खात्याकडे आहे, आणि केंद्राच्या कायद्यात 1986 मध्ये आली. डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नाही, आईने स्वतः फोन केला तरी चालतो. फोन केल्यापासून 45 दिवसांच्या आत तपासणी होऊन लेखी प्लॅनची पहिली मीटिंग झालीच पाहिजे असा नियम. पगार किती ते विचारत नाहीत, डॉक्टरचं मूल असो नाहीतर मजुराचं. म्हणजे ही भीक नाही बाबा, झेडपीच्या शाळेत मूल घातलं तर आपण भीक म्हणतो का?

थेरपिस्ट घरी येते, बूट काढून सरळ जमिनीवर बसते. पहिल्या दिवशी तिने छकुलीचा आवडता लाल चेंडू एका पारदर्शक बरणीत टाकला आणि झाकण घट्ट लावून बरणी तिच्यासमोर ठेवली. बस, एवढंच. छकुलीने बरणी हलवली, आपटली, माझ्याकडे आणून दिली, मी हात लावायचा नाही असं ठरलेलं, माझा जीव नुसता वरखाली. ती बाई शांत बसून वाट बघत होती. आता छकुली ती बरणी पुढे करून म्हणते "उगड!" मराठीत! मी आधी घाबरतच विचारलं होतं की आता घरात इंग्रजीच बोलू का, तर ती म्हणाली अजिबात नाही, दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, तुमची भाषा तुम्ही भरपूर बोला. तिने स्वतःच्या वहीत दे, उघड, अजून, पाणी असे शब्द लिहून घेतलेत आणि तेच म्हणते. तेव्हा आई, तू रोज दहा मिनिटं तिच्याशी फोनवर बोललीस ना तर ते पण औषधच आहे, पटापट प्रश्न विचारू नकोस, एक विचार आणि थांब. तीन वर्षांची झाली की पुढचं शाळा बघेल.

बाबांना आवडेल म्हणून सांगते. आयोवात 99 काउंट्या आहेत, काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा. मधल्या चौकात दगडी कोर्टहाऊस, तिथेच सगळी ऑफिसं. खजिनदार, शेरीफ, रेकॉर्डर, सगळे निवडणुकीने येतात! गाडीची नंबरप्लेट खजिनदाराकडे, लग्नाचं लायसन्स रेकॉर्डरकडे. आणि प्रत्येक काउंटीत आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीचं एक्स्टेंशनचं, म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान लोकांपर्यंत पोचवायचं काम चालतं, 1914 च्या कायद्यापासूनची पद्धत, माती तपासणीपासून लोणची-मुरंबे बरणीत कसे टिकवायचे ते घरखर्च कसा बसवायचा इथपर्यंत सगळं सांगतात. आपली राहुरीसारखी कृषी विद्यापीठं ह्याच धर्तीवर निघाली, पण इथे ते बायका-मुलांपर्यंत पोचलंय. आणि काहीच सुचलं नाही तर 211 ला फोन करायचा, दिवसरात्र चालू असतो, आधी झिपकोड विचारतात आणि मग जवळची सोय सांगतात, भाडं थकलं, घरात खायला नाही, म्हाताऱ्या माणसाला न्यायला गाडी नाही, काहीही. मीट प्लांटमध्ये काम करणारी ग्वाटेमालाची एक बाई आहे, तिला दिवस गेलेत, तिला डब्ल्यूआयसीचं माहीतच नव्हतं. ते आपल्या अंगणवाडीच्या आहारासारखं, गरोदर बायकांना आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना. ते मात्र उत्पन्न बघून देतात, आम्ही त्यात बसत नाही. पण तिला मी गाडीतून घेऊन गेले. सोय असते हो, पण कुणीतरी दार दाखवावं लागतं, आणि खेड्यात ते दार म्हणजे माणूसच असतो. मला आता बरीच दारं माहीत झालीत.

आई, तुझ्यासाठी एक गंमत. शेजारच्या आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालं. आपल्याकडे काय, डबा घेऊन जायचं, बसायचं, चहा घ्यायचा. इथे आधी एक यादी फिरते. सोमवारी कोण, बुधवारी कोण, त्यांना काय चालत नाही, किती वाजता. जेवतात संध्याकाळी साडेपाचला! आणि घराबाहेर एक मोठा थंड पेटारा ठेवलेला असतो, त्यात डिश ठेवायची आणि बेल न वाजवता परत यायचं. मला पहिल्यांदा फार वाईट वाटलं, आजारी माणसाच्या दारात जाऊन तोंडही दाखवायचं नाही? नंतर कळलं की झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, आणि पाहुण्यासमोर त्यांना आवरून बसायला लागू नये म्हणून. प्रत्येक डिशच्या बुडाला चिकटपट्टी आणि त्यावर आडनाव, कारण धुतलेली भांडी नंतर चर्चच्या दारातल्या टेबलावर रांगेने येऊन पडतात, ज्याने त्याने आपलं ओळखून न्यायचं. मी मुगाची खिचडी दिली, मिरची न घालता. आमच्याकडे त्यांची एक काचेची डिश राहिली होती ती मी शंकरपाळे भरूनच परत दिली, रिकामं भांडं देणं मला जमलं नसतं. तर त्या आजी वॉकर घेऊन स्वतः दारापर्यंत आल्या. बेल वाजवून! म्हणून म्हणते, मी एकटी नाहीये, उगाच रात्र रात्र जागू नका.

आता बाळूच्या लग्नाचं. मुलगी मला फोटोत फार आवडली, बोलते पण मोकळी. बाळूला सांगा लग्नाआधी तिला पुढे शिकायचंय का ते नीट विचार, नंतर बघू म्हणू नको. साखरपुड्याला मला येता येणार नाही. लग्नाला मी आणि छकुली यायचा पूर्ण प्रयत्न करतोय, पण आमचं व्हिसाचं स्टॅम्पिंग संपलंय, मुंबईला अपॉइंटमेंट मिळाली तरच परत येता येईल, आणि मधेच अडकलो तर हे इथे एकटे आणि छकुलीची थेरपी पण तुटेल. ह्यांना तर सुट्टीच नाही. आत्याबाई बोलतील की एकुलत्या भावाच्या लग्नाला बहीण नाही, आई तू मनाला लावून घेऊ नकोस, मी स्वतः त्यांना फोन करेन. करवली म्हणून माझ्या जागी चुलतबहिणीला उभी करा, तिची साडी माझ्याकडून, भारीतली घ्या.

हॉलचा ॲडव्हान्स मी पाठवलाय, बाबांच्या खात्यात दोन-तीन दिवसांत येईल. बाबा, एफडी मोडायची नाही म्हणजे नाही. आचाऱ्याचे आणि मंडपाचे पण मी बघते, ह्यांना विचारलंय, तेच म्हणाले आधी. उरलेल्यात आईच्या गुडघ्याचा एमआरआय करून घ्या, लग्न झाल्यावर बघू असं नको, रिपोर्टचा फोटो ह्यांना पाठवा. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की मला लगेच कळवा, आणि हॉलवाल्याकडून पावती घ्यायला बाळूला पाठवू नका, तुम्ही स्वतः जा.

तुमची,
बेबी