प्रमाणपत्राआधी व्हिसाचे नियम वाचा

महोदय,

घरबसल्या १२० तासांचा ‘टेफल’ म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा अभ्यासक्रम पूर्ण करा आणि जगात कुठेही इंग्रजीचे शिक्षक व्हा, अशा आशयाच्या जाहिराती सध्या तरुणांच्या मोबाइलवर सतत झळकत असतात. माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले असल्याने ‘बाई, हा कोर्स करू का?’ असे विचारणारे माजी विद्यार्थी अधूनमधून घरी येतात. त्यांना देत असलेले उत्तर आपल्या वाचकांपुढेही ठेवावे, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी आलेली एक विद्यार्थिनी इंग्रजीत एम. ए. आहे. तिने असा एक अभ्यासक्रम पैसे भरून पूर्ण केला होता आणि दक्षिण कोरियातील खासगी शिकवणी संस्थांकडे अर्ज पाठवण्याचा सपाटा लावला होता. एकाही अर्जाला उत्तर आले नाही, तेव्हा आपल्या इंग्रजीतच काही उणे असावे, अशी तिची समजूत झाली. वास्तविक कोरियात इंग्रजी संभाषण शिकवण्यासाठी जो ‘ई-२’ व्हिसा लागतो, तो एरवी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच दिला जातो. भारत आणि कोरिया यांच्यातील आर्थिक भागीदारीचा करार जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि त्यानुसार भारतीयांसाठी सरकारी शाळांत सहायक शिक्षक म्हणून एक वाट खुली झाली. मात्र ती पदवी आणि शिक्षक म्हणून अधिकृत पात्रता असलेल्यांसाठी आहे. म्हणजे या मुलीला तेथे उपयोग झाला असता तो बी. एड.चा, आणि नेमके तेच तिने ‘आता दोन वर्षे कोण घालवणार’ म्हणून टाळले होते. अभ्यासक्रम विकणाऱ्याने तिला पासपोर्ट कोणत्या देशाचा, एवढेही विचारले नाही.

जपानची तऱ्हा निराळी आहे. परदेशी तरुणांना शाळांत नेमणाऱ्या, तेथील सरकारच्या १९८७ साली सुरू झालेल्या ‘जेट’ योजनेत सहायक शिक्षकासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि अध्यापनाचे प्रमाणपत्र सक्तीचे नाही. खासगी भाषा-संस्थांत नोकरी करायची, तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्या उमेदवाराकडून साधारणपणे बारा वर्षांचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा पुरावा मागितला जातो. मराठी शाळेत शिकून पुढे इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व मिळवलेल्या आपल्या मुलांची अडचण होते ती या अटीपाशी, आणि कितीही प्रमाणपत्रे जोडली तरी ती दूर होत नाही. (मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीची शिक्षिका झालेल्या माझ्यासारखीला ही अट अन्यायाची वाटते, पण नियम त्यांच्या देशाचा आहे.)

प्रमाणपत्राचा उपयोगच नाही, असे मात्र माझे म्हणणे नाही. व्हिएतनाममध्ये पदवीच्या जोडीला भाषा-अध्यापनाचे प्रमाणपत्र कामाच्या परवान्यासाठीच मागितले जाते, त्यामुळे तेथे ते हवेच. आखातातील शाळा मुख्यतः पदवी, बी. एड. आणि वर्गातला अनुभव पाहतात. शिवाय मूळ कागदपत्रांचे साक्षांकन आधी येथे आणि मग त्या देशाच्या वकिलातीतून करून घ्यावे लागते. त्यात लागणारा वेळ आणि खर्च जाहिरातीत कधी दिसत नाही.

प्रमाणपत्र घ्यायचेच असेल, तर कोणते घ्यावे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘टेफल’ हे एखाद्या परीक्षेचे नाव नाही. परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या क्षेत्राचे ते नाव आहे आणि त्या नावाने कोणीही अभ्यासक्रम काढू शकतो, कारण या सर्वांवर देखरेख करणारी एकच जागतिक संस्था अस्तित्वात नाही. याउलट केंब्रिजच्या ‘सेल्टा’ अभ्यासक्रमात किमान १२० तासांच्या शिक्षणातच प्रत्यक्ष विद्यार्थ्यांपुढे सहा तास शिकवावे लागते, प्रशिक्षक मागे बसून निरीक्षण करतात आणि पाठ संपल्यावर काय चुकले ते स्पष्ट सांगतात. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या प्रमाणपत्रातही असाच सराव असतो. नियुक्ती करणारा जाणकार असेल, तर तो तासांच्या आकड्यापेक्षा तुम्ही खऱ्या वर्गात किती वेळ उभे राहिलात आणि तुमचा पाठ कोणी पाहिला, हे विचारतो. पडद्यावरचे पर्याय निवडून मिळालेल्या कागदाला त्यावर उत्तर देता येत नाही. तरीही ‘सेल्टा’ ही प्रौढांना शिकवण्याची तयारी आहे आणि शालेय शिक्षकाच्या परवान्याची जागा ती घेऊ शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

तेव्हा विचारायला येणाऱ्यांना मी आधी देश निवडायला सांगते, मग त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर भारतीय नागरिकासाठीच्या अटी वाचायला लावते आणि त्यांत प्रमाणपत्राचा उल्लेख असेल, तरच पैसे भरायला सांगते. वर उल्लेख केलेली विद्यार्थिनी आता बी. एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. आपल्या वृत्तपत्राच्या शिक्षणविषयक पुरवणीत अशा अभ्यासक्रमांच्या जाहिरातींशेजारी देशवार अटींचा एक तक्ता छापता आला, तर तो अनेकांच्या उपयोगी पडेल, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा