मागच्या अंगणातला नळ

ती. सौ. आई व ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दादाकडे आता रुळला असाल. मी एक दिवसाआड लोकमान्य नगरात जाऊन येते. तुळस बरी आहे, मोगऱ्याला कळ्या आल्यात.

पत्र खरं तर नळासाठी लिहितेय. आई, मागच्या अंगणात नळाखाली शेवाळ धरलं होतं. तू सकाळी तुळशीचा तांब्या भरायला उभी राहतेस ना, नेमक्या त्याच फरशीवर. परवा माझाच पाय सरकला, नळाला धरून सावरले म्हणून वाचले. तिथे तू असतीस तर, या विचाराने अजून पोटात गोळा येतो. नळ थेंब थेंब गळतो एवढंच तुम्ही फोनवर सांगायचात. त्याच्या तोंडाला चिंधी बांधलेली मी पहिल्यांदाच पाहिली. रात्री टपटप ऐकू येऊन बाबांची झोपमोड होऊ नये म्हणून तूच बांधली असशील.

चिंधी सोडून खाली पातेलं ठेवलं. पाऊण तासात लिटरभर पाणी जमलं, म्हणजे दिवसाला बत्तीस लिटर. बाबा, नर्मदा 1978 साली इंदूरला आली ती गोष्ट तुम्ही किती वेळा सांगितली आहे! नर्मदाकाठच्या जलूदहून जवळजवळ 70 किलोमीटर, घाट चढवून आणलेलं ते पाणी फरशीवर सांडत होतं. मला राहवेना.

सियागंजातून अर्ध्या इंची नळाचे वॉशर आणले, दोन रुपयांची वस्तू. गच्चीवरच्या टाकीची चावी बंद केली आणि नळ उघडून पाइपात अडकलेलं पाणी जाऊ दिलं. मूठ काढली. पितळेवर ओरखडे येऊ नयेत म्हणून वरच्या नटाला फडकं गुंडाळून पाना लावला. दुसऱ्या पान्याने नळाचं अंग घट्ट धरून ठेवलं, नाहीतर जोर भिंतीतल्या जुन्या लोखंडी पाइपावर येतो, आणि तो पिळवटला तर भिंतच फोडावी लागते. बाबा, तुम्ही एकटे असताना हे करू नका, दोन्ही हातांत जोर लागतो.

दांडा बाहेर आला तेव्हा कारण दिसलं. वॉशर दगडासारखा कडक झाला होता आणि त्यावर खोल गोल खाच पडली होती. वॉशर ज्यावर दाबून बसतो त्या आतल्या बैठकीवरून बोट फिरवलं. ती गुळगुळीत लागली, हे नशीब. तिलाच खड्डा पडला असता तर नुसत्या नव्या वॉशरने भागलं नसतं. नवा बसवला, मुठीखालच्या नटाशी सुताचा नवा धागा गुंडाळला, टाकीची चावी हळूहळू सोडली. थेंब थांबला. मी तरी अर्धा तास तिथेच बसून राहिले.

बाबा, एक सांगते, रागावू नका. नळ गळायला लागला की तुम्ही तो आणखी आवळत गेलात. जितका आवळला तितका वॉशर दाबला जाऊन चिरत गेला. आणि तुम्ही आवळलेला नळ आईच्या मनगटाला उघडेना, म्हणून ती तो पूर्ण बंदच करत नव्हती. दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नाही आणि मलाही नाही. आता पाणी थांबेल एवढाच फिरवायचा, त्यापुढे नाही. पुन्हा तोंडातून गळला तर वॉशर गेला समजायचं, मुठीपाशी पाझरला तर धागा. दोन्ही स्वयंपाकघरातल्या फडताळात, हळदीच्या जुन्या डब्यात ठेवलेत. मला फोन करायचा, तुम्ही वाकायचं नाही.

शेवाळ खराट्याने घासून ब्लीचिंग पावडरने धुतलं. फरशी अजून थोडी निसरडी वाटते, म्हणून तिथे खडबडीत शहाबादी घालणार आहे. तुम्ही यायच्या आत होईल.

घर बांधताना बाबांनी आणलेला नळ आहे, म्हणून या वेळी बदलला नाही. पण आल्यावर आईने तो दोन बोटांनी फिरवून बघायचा. फिरला नाही तर मी आडव्या दांडीचा नळ बसवणार, आणि बाबांनी तेव्हा नाही म्हणायचं नाही.

गाडीचा दिवस कळवा, स्टेशनवर येते.

तुमची,
धाकटी