पत्ता आमचा, पण पैसे कोणाला मागायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारने किती कारभार आपल्या हाती ठेवावा, यावर आपल्याकडे काही दिवसांपासून पत्रे येत आहेत. काहींना सगळे सरकारनेच करायला हवे आहे, काहींना सगळे बाजारावर सोडायचे आहे. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात तीस वर्षे मास्तरकी केली. आमच्या जंगलाने हे दोन्ही मालक पाहिले आहेत. तिसरी वाटही इथल्याच माणसांनी पाडली, म्हणून हे पत्र.

मेंढा (लेखा) हे गाव आमच्याच तालुक्यातले. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण गावाने तोडलेला बांबू बाहेर न्यायचा परवाना वन खाते देईना. १९२७च्या वन कायद्यात बांबू झाडांत धरलेला, नव्या कायद्यात तो गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून गावाच्या हक्काचे वनोत्पादन. एवढ्यावर गावाचा हक्क अडून राहिला. अखेर एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ज्या कागदासाठी माणसे कचेरीच्या पायरीवर दिवस घालवत, तो कागद गाव स्वतः पुस्तकातून फाडून देऊ लागले.

या गावाची घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ भाषणांत तिचा उत्तरार्धच वाजतो. मला पूर्वार्ध तितकाच मोलाचा वाटतो. दिल्ली-मुंबईचे सरकारही ‘आमचे’ आहे, म्हणजे त्याच्याकडून काम मागायचा हक्क गावाने सोडलेला नाही.

डाव्या वळणाचे स्वातंत्र्यवादी, म्हणजे माणूस स्वतःचा मालक पण निसर्गसंपत्ती सगळ्यांची असे मानणारे, म्हणतात ते याहून फार वेगळे नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात हेन्री जॉर्ज सांगत होते की श्रमाचे फळ ज्याचे त्याचे, पण जमीन कोणी घडवलेली नाही, तेव्हा तिचे भाडे सगळ्यांचे. आपल्याकडे विनोबांनी १९५१मध्ये पोचमपल्लीपासून भूदान सुरू केले, ग्रामदान (जमिनीची मालकी गावाकडे सोपवणे) मांडले आणि शासनमुक्त समाजाची भाषा केली. विनोबांना नुसते संत करून आपण त्यांचा हा राजकीय विचार फोटोच्या चौकटीत बंद केला, याचे मला मनापासून दुःख आहे. मेंढ्याने २०१३मध्ये ग्रामदान स्वीकारून तो बाहेर काढला.

पण गावाने कारभार हाती घेतला की सरकारचे काम संपते, असे मानणाऱ्यांना मी आमची तेंदूची फळी, म्हणजे बिडीच्या पानाचे (आमच्याकडे त्याला ‘पत्ता’ म्हणतात) खरेदी केंद्र, दाखवीन. मे महिन्यात घरची सगळी माणसे पहाटे अंधारात जंगलात शिरतात आणि ऊन चढायच्या आत परततात. मग अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांची बोटे चिकाने काळी होतात. संध्याकाळी पुडे फळीवर, दिवाणजीच्या वहीत नोंद. पूर्वी या पानाचा व्यापार सरकारच्या मुठीत होता. आता अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करतात आणि हे योग्यच झाले.

माझ्या ओळखीच्या एका गावात एका हंगामात कंत्राटदाराने निम्मी रक्कम दिली, माल उचलला आणि फोन बंद केला. गावकऱ्यांबरोबर मीही कचेरीत गेलो. उत्तर मिळाले, ‘करार तुमचा, तुम्हीच बघा.’ परत येताना एक बाई म्हणाली, ‘गुरुजी, पत्ता आमचा झाला म्हन्ता, मंग पैसे कोनाले मांगाचे?’ तिच्या वहीत चौदा दिवसांच्या नोंदी होत्या. मला उत्तर देता आले नाही.

काल जंगलावर मालकी सांगणारे सरकार आज राखणदारीही नाकारते, याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही. दुबळा आणि धनदांडगा यांना एका करारावर सही करायला लावून निघून जाणे म्हणजे धनदांडग्याच्या बाजूने उभे राहणेच होय. जंगलात काय तोडायचे, काय राखायचे, कोणाला विकायचे, हे गावाने ठरवावे. करार मोडणाऱ्याला जाब विचारणे, तराजू तपासणे, हिशेब लिहायला माणूस शिकवणे आणि दवाखाना चालू ठेवणे ही कामे मात्र सरकारची. परवाने अडवण्यात जेवढा उत्साह होता, त्याच्या चौथाई उत्साहाने ती केली तरी आमचा तालुका उभा राहील.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या मेमध्ये फळ्या उघडण्यापूर्वी, पूर्ण रक्कम ग्रामसभेच्या खात्यात जमा झाल्याशिवाय एकही गोणी गावाबाहेर जाणार नाही, असा नियम जिल्ह्यात लागू करावा. आणि तालुक्याला एक अधिकारी नेमावा, ज्याच्यासमोर ती बाई आपली वही ठेवू शकेल. तिचे उरलेले पैसे अजून यायचे आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, धानोरा