शेक सुरू आणि गोळी बंद, असं होऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत पित्ताशयातल्या खड्यांवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण पित्ताशयाच्या कर्करोगाचा उल्लेख त्यात एका ओळीत येऊन गेला. आमच्या घरातलं अख्खं दीड वर्ष त्या ओळीत गेलं आहे, म्हणून हे पत्र.

माझी थोरली बहीण लग्न होऊन काशीला गेली. दुर्गाघाटाजवळच्या मराठी वस्तीत चाळीस वर्षं तिने संसार केला. गंगेकाठच्या उत्तर प्रदेश-बिहारच्या पट्ट्यात हा आजार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतो, आणि त्यातही बायकांना जास्त. ताईचं खड्यांचं ऑपरेशन झालं, काढलेली पित्ताची पिशवी तपासायला गेली आणि रिपोर्टात कर्करोग निघाला. पुष्कळांना तो असाच अवचित कळतो. भाचा पुण्यात नोकरीला, म्हणून तिला इकडे आणलं. दुसरं ऑपरेशन झालं, यकृताचा लागून असलेला भाग आणि आसपासच्या लसिका ग्रंथी काढल्या. मग केमो. त्यानंतर पाच आठवडे शेक, म्हणजे किरणोपचार, सोमवार ते शुक्रवार, आणि त्याच्या जोडीला कॅपेसिटाबिन या केमोच्या औषधाच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर अर्ध्या तासात.

ताईने एका वहीत रकाने आखले होते. एका बाजूला शेक, दुसऱ्या बाजूला गोळी, रोज बरोबरची खूण. पोटावर शाईने काढलेल्या फुल्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून ती आंघोळीला बसताना पदराचा ओला बोळा करून तेवढा भाग सोडून बाकीचं अंग पुसायची. इतकी काळजी घेणारी बाई. तिसऱ्या आठवड्यात रुग्णालयाच्या औषध खिडकीवर उत्तर मिळालं, "गोळी संपलीय, पुढच्या सोमवारी येईल. शेक चालू ठेवा, काही बिघडत नाही." आम्ही विश्वास ठेवला. बाहेरच्या दुकानातून आणता आली असती, पण ती इतकी गरजेची आहे हेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. वहीत शेकाच्या रकान्यात पाच खुणा आणि गोळीचा रकाना कोरा.

त्या गोळीचं काम मला नंतर एका डॉक्टरांनी समजावलं. किरणं कर्करोगाच्या पेशीतला डीएनए तोडतात, पण पेशी गप्प बसत नाही. पुढच्या काही तासांत ती तुटलेलं सांधायला घेते. त्यासाठी तिला डीएनएचा कच्चा माल लागतो आणि तो तयार करणारी यंत्रणाच ही गोळी अडवते. जेमसिटाबिन हे इंजेक्शनही वेगळ्या वाटेने तेच करतं. पेशीची डागडुजी अर्धवट राहते आणि दुसऱ्या दिवशीचा शेक त्या अर्धवट भिंतीवर पडतो. म्हणून औषध आणि किरणं एकाच आठवड्यात, एकमेकांच्या हाताशी असावी लागतात. औषध मागून दिलं तर ते वेगळं केमो झालं, त्यातून शेकाला बळ मिळत नाही.

किरणांची मात्राच का वाढवत नाहीत, हे मीही विचारलं होतं. पित्ताशयाला एका अंगाने यकृत चिकटलेलं, दुसऱ्या अंगाला लहान आतड्याची सुरुवात, जवळच जठर. ते आतडं फार सोसत नाही. म्हणून औषधाचा आधार घ्यावा लागतो.

हे काही नव्या प्रयोगाचं खूळ नव्हे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शेकाबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देण्याची शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1999 मध्येच केली. आपल्या टाटा रुग्णालयाने तोंड-घशाच्या कर्करोगात, ज्यांना सिस्प्लॅटिन झेपत नाही अशांना शेकाबरोबर डोसिटॅक्सेल हे दुसरं औषध देऊन पाहिलं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण नुसत्या शेकाने 41.7 टक्के होतं, औषधासह 50.8. पित्ताशयाच्या कर्करोगाचं पाश्चात्त्य देशांत प्रमाण कमी, त्यामुळे तिकडच्या चाचण्यांत तो पित्तनलिकेच्या कर्करोगात मिसळून जातो. अमेरिकेतल्या 79 रुग्णांच्या ज्या अभ्यासावर ताईचे उपचार बेतले होते, त्यात पित्ताशयाचे रुग्ण साधारण एक तृतीयांशच होते. गाठ मोठी आहे, लगेच काढता येत नाही, अशांना आधी जेमसिटाबिनसह शेक देऊन मग ऑपरेशन करण्याची चाचणी टाटानेच हाती घेतली. हा आजार आपल्या बायकांचा आहे, त्यावरचं काम इथेच व्हायला हवं.

आणि "थोडं औषध चालतं तर जास्त का नको" असं कुणी म्हणू नये. जेमसिटाबिन एरवी शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 1000 मिलिग्रॅम देतात, टाटाच्या पद्धतीत शेकाबरोबर आठवड्याला फक्त 300. फुप्फुसाच्या कर्करोगात पूर्वी पूर्ण मात्रा शेकासोबत दिली गेली तेव्हा रुग्ण दगावले आहेत. म्हणूनच दर आठवड्याला रक्त तपासायचं. काढे, हळदीच्या गोळ्या, शेजारच्यांनी सुचवलेली कॅप्सूल, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगायचं.

माझी मागणी फार मोठी नाही. पहिल्या शेकाच्या दिवशी पाचही आठवड्यांचं औषध त्या रुग्णाच्या नावाने बाजूला काढून ठेवा. योजनेतून मंजुरी घ्यायची असेल तर शेक आणि औषध यांची एकत्रच घ्या, दोन खिडक्या, दोन फायली नकोत. आणि एक कागद मराठीत द्या: ही गोळी कशासाठी, चुकली तर कुणाला फोन करायचा, हातापायाची कातडी सोलली किंवा जुलाब लागले तर काय करायचं. शेकाच्या विभागातल्या ताई-दादांना हे सगळं तोंडपाठ असतं. ते कागदावर उतरवायला कितीसा वेळ लागेल?

ताई बरी आहे, दर तीन महिन्यांनी तपासणीला येते. त्या पाच दिवसांनी तिचं नुकसान झालं असं मी म्हणत नाही. पण त्या शनिवारी वहीचा कोरा रकाना माझ्यासमोर धरून "आपलं काही चुकलं का गं?" असं तिने विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या पुरवणीत एखाद्या किरणोपचारतज्ज्ञांकडून या विषयावर सविस्तर लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, पुणे