पत्रा घासण्याआधी त्यावरचं वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी हवाई दलात वीस वर्षं एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची आणि पत्र्याची दुरुस्ती करणारा, होतो. आता जुन्नर तालुक्यात गावी असतो. गेल्या महिन्यात शेजारच्या अण्णांनी हाक मारली. जुना गोठा उतरवताना कौलांखाली गळती अडवायला घातलेला परातीएवढा पत्रा निघाला होता. गावात तोवर बोलबाला झाला होता, 'महायुद्धातल्या बॉम्बरचा आहे'. भंगारवाला काटा घेऊन हजर, आणि अण्णांचा नातू तारेचा ब्रश घेऊन बसलेला. मी आधी त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला.

पत्र्याची आतली बाजू ओल्या फडक्याने हलकेच पुसली. हिरवट-पिवळा प्रायमर, म्हणजे पत्रा गंजू नये म्हणून दिलेला रंगाचा पहिला हात, जागोजाग टिकून होता. कडेच्या रिव्हेटांची डोकी, विमानाच्या पत्र्याला असतात तशी, पत्र्याशी इतकी सपाट बसवलेली, की नख फिरवलं तरी अडत नव्हतं. उन्हात तिरका धरला तेव्हा प्रायमरखालून फिकट शाई दिसली: '2024-टी3'. हे साल नव्हे, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा क्रमांक. महायुद्धाच्या काळात याच ॲल्युमिनियमवर '24एस-टी' असा शिक्का असे. चार आकडी क्रमांक 1954 मध्ये आले. म्हणजे पत्रा युद्धातला नव्हेच.

तेव्हा अण्णांना आठवलं. त्यांच्या वडिलांनी तो दावंड्याच्या डोंगरावरून आणला होता. 7 जुलै 1962 रोजी, ऐन पावसाळ्यात, मध्यरात्र उलटल्यावर अलिटालिया या इटालियन कंपनीचं डीसी-8 हे प्रवासी जेट विमान तिथे आदळलं. सिडनीहून रोमला निघालेलं ते विमान बँकॉकहून मुंबईला येत होतं. आपण मुंबईच्या जवळ पोचलो या समजुतीने ते वेळेआधीच खाली आणलं गेलं. आतले सगळे, 94 जण, गेले.

हा तुकडा त्याच विमानाचा, हे पक्कं ठरायला पार्ट नंबर लागतो. तो धातूच्या छोट्या पट्टीवर कोरलेला किंवा रबरी शिक्क्याने उमटवलेला असतो. पार्ट्स कॅटलॉगमध्ये तो सापडला, की तुकडा पंखाचा की शेपटीचा हेही कळतं. ब्रशने सगळ्यात आधी जाते ती नेमकी ही शाई.

तालुक्यात आणखी किती घरांत असे पत्रे कुठे झाकण, कुठे आडोसा म्हणून पडले असतील! माझी हात जोडून विनंती आहे, ते विकू नका, घासू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, घरात कुणी आणि कुठून आणला ते म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून लिहून ठेवा. बंद नळकांडं सापडलं तर मात्र हात न लावता पोलिसांना कळवा. आणि तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने या तुकड्यांची नोंदवही ठेवावी. शिक्के वाचायला मी केव्हाही, स्वखर्चाने येईन.

भंगारवाला त्या दिवशी रिकामा गेला. अण्णांनी पत्रा वडिलांच्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त एअरफ्रेम फिटर, ता. जुन्नर