अल्बाट्रॉससाठी शेवाळ : सुझॅना क्लार्क यांना पत्र

आदरणीय सुझॅना क्लार्क यांना,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, तेव्हा ते तुमच्या हाती पडायचं नाही. पण आभार मानायचे राहून गेलेत, आणि ते मला माझ्याच भाषेत नीट मानता येतात.

चार वर्षांपूर्वी साधा ताप आला. ताप गेला, अंगातली शक्ती मात्र परत आलीच नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल. ‘मनावर घेऊ नका, जरा बाहेर पडत जा,’ असं एका डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर पडले आणि चार दिवस आडवी झाले. वाचन तर सुटलंच. ओळ संपेपर्यंत आधीची ओळ डोक्यातून गेलेली असायची. अशात एका मैत्रिणीने तुमची ‘पिरानेसी’ ही कादंबरी उशाशी आणून ठेवली. का, तर पातळ आहे म्हणून!

तुमची पहिली कादंबरी मी धडधाकट असताना वाचली होती. ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’, 2004 ची. आठशेच्या घरात पानं, नेपोलियनच्या काळातलं इंग्लंड, दोन जादूगारांची चुरस आणि खाली तळटीपांतून चाललेली वेगळीच गंमत. केंब्रिजमध्ये पाककृतींच्या पुस्तकांचं संपादन सांभाळत तुम्ही ती दहाएक वर्षं लिहीत होतात. (प्रमाण चुकलं तर पदार्थ बिघडतो हे रोज पाहणाऱ्या बाईंची जादूही मोजूनमापून असते, यात मला नवल वाटत नाही.) विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, नाव झालं, आणि पाठोपाठ आजारपण आलं. 2006 चा कथासंग्रह सोडला, तर पुढची कादंबरी, म्हणजे ‘पिरानेसी’, यायला 2020 उजाडलं.

ती कशी आली, ते तुमच्या मुलाखतींतून कळलं तेव्हा मी रडले. मोठं पुस्तक झेपेना, म्हणून तुम्ही जुनी, बाजूला पडलेली कल्पना बाहेर काढलीत. पात्रं मोजकी, संदर्भग्रंथांचा ढीग नको. 2021 मध्ये याच पुस्तकाला विमेन्स प्राइझ, म्हणजे स्त्रियांनी इंग्रजीत लिहिलेल्या कादंबरीसाठीचं पारितोषिक मिळालं, तेव्हा दीर्घ आजाराने जखडलेल्या बायकांना यातून बळ मिळावं, असं तुम्ही व्यासपीठावरून म्हणालात. मला मिळालं. बंद पडलेली वही मी पुन्हा उघडली. दिवसाला दहा ओळी, कधी चारच.

काहीजण ‘पिरानेसी’तल्या पुतळ्यांनी भरलेल्या अफाट घराला आजाराचं रूपक म्हणतात. मला ते अर्धंच पटतं, कारण तिथे राहणारा तो माणूस कुढत बसत नाही. भरती-ओहोटीची टिपणं ठेवतो, मेलेल्यांच्या अस्थींची काळजी घेतो. एकदा त्याच्याकडे अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्यांची जोडी येते. घरट्यासाठी तो त्यांना आपल्या सरपणातलं वाळकं शेवाळ देऊन टाकतो. पुढे काही दिवस थंडीत काढावे लागणार हे त्याला ठाऊक असतं, पण जगात एक नवा अल्बाट्रॉस येणार असेल तर त्याला ते चालतं. ते पान मी किती वेळा वाचलं, मोजलेलं नाही.

गेल्या महिन्यात भाचीचं नाटक होतं. घरच्यांनी नको म्हटलं. मी हिशेब केला, दोन तास बसायचे म्हणजे तीन दिवस अंथरूण, आणि गेले. पाच दिवस लागले. भाची नाटकात म्हातारी झाली होती. काठी उलटी धरली होती आणि शेवटपर्यंत तिच्या लक्षातच आलं नाही.

तुमची,
एक वाचक