पन्नास लिटरांच्या खालचे तेल

प्रति,
माननीय मंत्री, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

महोदय,

तळणीच्या जळक्या तेलाचे पुढे काय होते, या प्रश्नाचे उत्तर आजच्या नियमांत अर्धेच सापडते. तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारी अपायकारक द्रव्ये, २५ टक्क्यांपुढे गेली की ते खाण्यासाठी वापरायचे नाही, हा नियम २०१८ पासून आहे. आणि ज्या व्यावसायिकांना तळण्यासाठी दिवसाला ५० लिटरांहून अधिक तेल लागते त्यांनी त्याची नोंद ठेवून वापरलेले तेल अधिकृत संकलकालाच द्यावे, असे बंधन त्यानंतर आले. मोठी हॉटेले आणि फरसाणाचे कारखाने त्यात बसतात. वडापावची गाडी, खानावळ किंवा फराळाच्या ऑर्डरी घेणारा बचत गट बहुधा बसत नाही. त्यांचे तेल नव्या तेलात मिसळून पुन्हा कढईत चढते, मोरीतून गटारात जाते, किंवा कोणी तरी डब्याच्या भावाने उचलून नेतो आणि पुढे कोणाला विकतो, हे विचारले जात नाही.

या तेलापासून बायोडिझेल, म्हणजे डिझेलसारखे जाळता येणारे इंधन, होते, ही माहिती आता इतकी पसरली आहे की हौशी मंडळी घराच्या गच्चीवर पिंपे मांडू लागली तर नवल नाही. कृती खरोखरच अवघड वाटत नाही : शंभर लिटर तेल गाळून, त्यातले पाणी उडवून, साधारण पंचावन्न ते साठ अंशांवर ठेवायचे, वीसेक लिटर मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून त्यात घालायचा, ढवळायचे, आणि तळाशी बसलेले ग्लिसरीन वेगळे करायचे. पण मिथेनॉल ६५ अंशांखालीच उकळते, त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही आणि ते पोटात गेले तर दृष्टी जाते, जीवही जातो. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूतल्या याच द्रव्यामुळे शंभरहून अधिक माणसे दगावली. ज्या घरात लहान मुले आहेत तिथे त्याचा कॅन ठेवू देणे मला तरी पटत नाही.

गाडीच्या बाजूनेही घाई नडते. तेल जितके जास्त जळलेले तितकी त्यात मुक्त आम्ले जास्त, आणि ती किती आहेत हे मोजून त्या हिशेबाने सोडा घातला नाही, तर इंधनाऐवजी अर्धेकच्चे तेल आणि साबण हाती येतो. नीट न धुतलेल्या इंधनातला हा साबण आणि पाणी इंजेक्टरची वाट लावतात. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या बायोडिझेलने मऊ पडतात; टाकीत साचलेला मळ सुटून सुरुवातीला फिल्टर वारंवार तुंबतो. शिवाय आपल्याकडे तळणीत पामतेल फार, आणि त्यापासून झालेले इंधन पंधरा अंशांच्या आसपासच गढूळ व्हायला लागते, म्हणजे नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटे ते फिल्टरमध्येच अडकायचे. धुराचे कडक नियम पाळणाऱ्या नव्या बीएस-६ गाड्यांत तर शुद्ध बायोडिझेल भरूच नये.

म्हणून माझी विनंती घरगुती भट्ट्यांना मोकळीक देण्याची नाही आणि केवळ बंदी घालण्याचीही नाही. आपल्या खात्याने नगरपालिकांच्या मदतीने प्रभागवार आठवड्यातून एकदा तेल गोळा करावे, वजनावर रोख पैसे द्यावेत आणि त्याची पावती द्यावी. गाडीवाल्याला आज जो भाव उचलणारा देतो त्याहून चार पैसे जास्त मिळाले नाहीत, तर केवळ दंडाच्या भीतीने तो तेल आणून देणार नाही, हे गृहीत धरावे. जिथे मोठा संकलक पोहोचत नाही अशा तालुक्यांत रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असलेल्या तंत्रनिकेतनाला किंवा महाविद्यालयाला लहान संच आणि मिथेनॉलच्या साठ्याचा परवाना द्यावा. बायोडिझेलसाठीच्या भारतीय मानक १५६०७ नुसार प्रत्येक घाण्याची संपूर्ण तपासणी करणे अशा संस्थेला परवडणार नाही. तेव्हा ते इंधन विकायला परवानगी नसावी, संस्थेच्याच जनरेटरमध्ये आणि जुन्या डिझेल पंपात ते जाळावे. महामार्गांवर बायोडिझेलच्या नावाखाली भलतीच मिश्रणे विकली गेल्याचे प्रकार पाहता ही अट कडक असलेलीच बरी.

राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य ठेवले आहे. लहान विक्रेत्यांच्या तेलाने ते गाठता येईल, असा माझा दावा नाही. मात्र ते तेल पुन्हा कोणाच्या ताटात जाऊ नये, ही जबाबदारी आपल्याच खात्याची आहे. पुढच्या दिवाळीच्या तळणीआधी एका तरी जिल्ह्यात ही व्यवस्था सुरू करण्याचा आदेश आपण काढावा.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक